बायला मी मुलुंडला धाडलं

माझी नात मला मोबाइलवर मुलुंडचे फोटो दाखवते. डोंगराच्या पायथ्याशी जुन्या बिल्डिंगी, त्यांच्यावर कमान धरलेली झाडं, खाली वाळक्या फुलांचा सडा. "आजी, किती ग्रीन आहे बघ ना! आपण तिकडे का नाही घेतलं गं घर?" मी चष्मा पुसते आणि बघते. त्या झाडांतली दहा-बारा तरी मी नुसत्या तोंडाने लावलेली आहेत. म्हणजे आधी मी ती थापेत उभी केली, मग माझ्या जावेने ती जमिनीत उभी केली. नातीला हे मी कधी सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवते. वाचायची तेव्हा वाचेल.

जाऊ म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. मी तिला बाय म्हणायची आणि ती मला धाकटी. लालबागला चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर दहा बाय बाराची आमची खोली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या खोलीत बाय, भावोजी, त्यांची तीन वर्षांची लेक आणि माझे हे, असे चार जण होतेच. पाचवी मी. सासूबाई गावी, रत्नागिरीकडे. हे गिरणीत, आणि भावोजींनी नुकतीच गिरणी सोडून मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका रबराच्या कारखान्यात नोकरी धरलेली. चिंचपोकळीला गाडी पकडायची, मुलुंडला उतरायचं, संध्याकाळी रबराचा वास घेऊन परत.

मी वीस वर्षांची होते. मॅट्रिक पास. दुसऱ्या झटक्यात, पण ते मी कुणाला सांगत नसे. आख्ख्या माळ्यावर मॅट्रिक झालेली सून मी एकटी, त्यामुळे चालतानासुद्धा मी अशी चालायची की जिन्यातल्या बायकांनी बाजूला व्हावं. केसांचा फुगा काढायचे. तो पाण्याच्या हंड्याखाली रोज सकाळी बसायचा आणि मी रोज दुपारी तो पुन्हा उभा करायचे. अशा त्या बाईसाहेबांना एकच गोष्ट हवी होती: ती खोली. आख्खी.

चाळीतल्या खोलीत प्रत्येकाची एक जागा असते. ती कुठे लिहिलेली नसते, पण कुणी चुकत नाही. बायची जागा मोरीच्या शेजारच्या भिंतीला. तिथे तिची वळकटी दिवसा उभी, निजताना आडवी. आमची जागा दाराकडे. मधे दोरीवर तिचं जुनं लुगडं. लुगड्याच्या अलीकडे मी आणि माझी स्वप्नं, पलीकडे बायचा खोकला. खोकून ती स्वतःच म्हणायची, "निजा गो, माझा घसा हाय, लक्ष देऊ नका." मला तिच्या त्या चांगुलपणाचाच जास्त राग यायचा. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

तेवढ्यात भावोजींच्या कारखान्यातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली. मुलुंडला, आग्रा रोडच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, चार बिल्डिंगी. भावोजींचा नंबर लागला. स्वतःचा संडास घरात! एवढ्यावर कुणीही उडी मारली असती. पण बाय मुळीच तयार होईना. "मुलुंड म्हणजे मुंबई हाय का ती? पुढे जकात नाका, नाक्यापल्याड ठाणं. तिथे भोंगा ऐकू येत नाय. आपलं कोण हाय तिथे?" त्या काळी आमच्या लोकांची मुंबईची हद्द हीच होती. जिथपर्यंत गिरणीचा भोंगा ऐकू येतो तिथपर्यंत मुंबई, त्यापुढे परगाव. भावोजी तिच्या शब्दाबाहेर नव्हते. म्हणाले, "नको तर नको, देऊन टाकू दुसऱ्याला."

मग मी कामाला लागले.

मी मुलुंड पाहिलेलं नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीच्या मामाचं तिथे स्टेशनजवळ येणं-जाणं होतं. त्याने कधीतरी तिला सांगितलं होतं की तिथे सरळ आखलेले रस्ते आहेत, कच्छी व्यापाऱ्यांचे बंगले आहेत, बंगल्यांना बागा आहेत. बस्स, एवढ्या भांडवलावर मी बायला वन उभं करून दिलं. आम्ही दोघी तांदूळ निवडत बसायचो आणि मी सुरू व्हायची. "बाय, दारात बकुळ. नुसती ओंजळ धरायची. मागे आंबे. गावचेच जणू. सावली एवढी की दुपारी पंखा नको. आणि हवा! तुझा खोकला आठ दिवसांत पळेल."

"आणि साप?"

"सापबीप काय नाही. असलेच तर बिचारे डोंगरात."

"आणि वाघ?"

"तो वर्षाकाठी एकदा येतो म्हणे. कोंबडी खातो नि जातो."

"तू बघून आलीस?"

"मी नाही, पण वाचलंय ना." मी वाचलंय म्हटलं की बाय गप्प व्हायची. तिला अक्षरओळख नव्हती आणि माझ्या मॅट्रिकवर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

तीन आठवडे मी हे चालवलं. शेवटी ती म्हणाली, "आणि नायच करमलं तर?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. गळ्याला चिमटा घेऊन म्हटलं, "गळ्याची शप्पथ, बाय. चार महिने राहून बघ. नाही करमलं तर वळकटी उचल नि परत ये. तुझी जागा तशीच ठेवते. तिथे मी सूपसुद्धा टेकणार नाही."

ती हसली. "सूप टेकव गो, सूप चालंल."

ती गेली त्या दिवशी मी काय उत्साहात होते! टेंपो खाली उभा. तिची एक चिंधी मागे राहू नये म्हणून मी स्वतः फळ्यांमागे हात घालघालून बघत होते. पाटा मी उचलला, माझ्या खांद्यावर, आणि तीन जिने उतरवला. वरवंटा विसरला म्हणून परत वर पळाले. जिन्यात बायका म्हणाल्या, "धाकटीचा काय जीव आहे बघा जावेवर." मी मान खाली घातली. लाजून नव्हे, हसू येत होतं म्हणून. टेंपोत चढताना बायने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दुपारचा चहा एकटी घेऊ नको हां. शेजारणीला हाक मारत जा." टेंपो वळला, मी वर आले, दार लावलं, आणि त्या रिकाम्या खोलीत, आता सांगायला लाज वाटते, मी गिरकी घेतली. हंड्याला पाय लागून पडले. तेवढी शिक्षा त्या वेळी मला पुरेशी वाटली.

आणि तिसऱ्या महिन्यात मी पलंग घेतला.

हे समजायला आमची चाळ माहीत हवी. चाळीत जमीन सगळ्यांची असते. एकाच जमिनीवर सकाळी जेवण शिजतं, दुपारी गोधडी शिवली जाते, संध्याकाळी मुलं अभ्यास करतात, पाहुणा आला तर तिथेच त्याचं ताट आणि तिथेच त्याची पथारी. पलंग आला की तेवढी जमीन कायमची एकाची झाली. म्हणून जिन्यातून पलंग वर चढताना दिसला की बायका "केवढ्याला घेतला" असं विचारत नसत. विचारत, "कोण गेलं?" कुणीतरी वारलं, नाहीतर वेगळं निघालं, त्याशिवाय पलंग येत नाही.

चिंचपोकळीच्या एका गाळ्यातून मी तो लोखंडी पट्ट्यांचा पलंग आणवला. हे म्हणाले, "वहिनी परत आली तर?" मी म्हटलं, "येतेय कशाला? तिथे बकुळ आहे." एव्हाना माझी थाप मलाच खरी वाटायला लागली होती. पलंग एकाच ठिकाणी बसत होता, मोरीच्या शेजारच्या भिंतीला.

चार महिने भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, बाय आली. एकटी. डोक्यावर वळकटी. लेकीला शेजारणीकडे ठेवून आली होती, भावोजींना नंतर सांगणार होती. हे मला खूप वर्षांनी कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की ती उंबऱ्यात उभी आहे, घामाने चिंब, चेहऱ्यावर असं हसू की जणू माहेरी आली आहे. हात आणि मान डासांनी फोडून काढलेली. आणि तिची नजर माझ्यावरून भिंतीकडे गेली.

पलंग नवा होता. काळा रंग अजून बोटाला लागत होता.

मी तोंड उघडलं, पण दुसऱ्या झटक्यात मॅट्रिक झालेल्या त्या हुशार बाईला एक शब्द सुचेना. बायलाच सुचलं. तिने वळकटी खाली घेतली, सुतळी सोडली आणि आतली गादी पलंगावर पसरली. हाताने सारखी केली. म्हणाली, "म्हटलं पलंग घेतलास, तर नुसत्या पट्ट्यांवर निजणार कशी? पाठ धरंल. म्हणून घेऊन आले."

तिला पलंगाचं माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं, सांगणारी मीच होते. तिला माहीत नव्हतं हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही. तरी मी म्हटलं, "बरं झालं बाय. चहा टाकू?"

चहा घेऊन ती अकराच्या गाडीने परत गेली. सोबत सुतळी तेवढी नेली, "कामाला येते" म्हणून.

मी ती गादी वापरली. अठरा वर्षं. कापूस पिंजून घेतला, खोळ बदलली, पण वापरली. हे मी वाचणाऱ्याची कीव मिळावी म्हणून सांगत नाही. गादी चांगली होती.

मुलुंडला मी पहिल्यांदा गेले ती संप सुरू झाल्यावर. गिरण्या बंद, हे घरी बसलेले, आणि भोंगाही बंद. भोंगा ऐकू येत नाही म्हणून जे मुलुंड परगाव होतं, त्या हिशेबाने आता लालबागही परगावच झालं होतं. बाय दर आठवड्याला यायची, पिशवीत डोंगराची भाजी घेऊन. एकदा तिला ताप आला म्हणून तिच्याऐवजी मी तिकडे गेले.

स्टेशनजवळचं मुलुंड मैत्रिणीच्या मामाने सांगितलं तसंच होतं. सरळ रस्ते, एका ठिकाणी पाच एकत्र येतात, बंगल्यांवर बोगनवेल. तिथून मी ऐटीत चालत निघाले. आग्रा रोड ओलांडला, कारखान्यांच्या भिंती संपल्या, फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी लोकांच्या बराकी मागे पडल्या, आणि मग झाडंच संपली. भाताची खाचरं भरून काढलेली ओसाड जमीन, तिच्यावर चार पिवळ्या बिल्डिंगी. मागे डोंगराला खाण लागलेली. मी पोचले तेव्हा दुपारी सुरुंग उडाला, खिडक्यांची तावदानं थरथरली आणि सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी धूळ बसली. बकुळ नव्हती. आंबा नव्हता. कोपरभर उंचीची काही रोपं तेवढी होती, प्रत्येकाभोवती काट्यांचं कुंपण, आणि प्रत्येकाला चिंधी बांधलेली. त्यातल्या एका चिंधीचा काठ मी ओळखला. आमच्या खोलीत दोरीवर असायचं ते लुगडं.

"ही काय गो?" मी विचारलं.

"ही बकुळ," बाय म्हणाली. तापाने डोळे लाल, तरी हसत होती. "तू म्हणालीस दारात बकुळ असते. मी आले तेव्हा नव्हती. म्हटलं, धाकटीने वाचलंय म्हणजे चूक कशी होईल, मुलुंडचीच चूक असंल."

ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

त्या वसाहतीचा इतिहास कुणी लिहिला तर तो लिहील की अमुक काळी खाचरं बुजवली, मग खाण बंद झाली, मग कारखान्यांच्या जागी टॉवर आले. ते सगळं खरंच आहे. पण मी तिथे बायच्या दारात बसून जो इतिहास ऐकला तो असा की त्या चारही बिल्डिंगींमधलं प्रत्येक बिऱ्हाड कुणाच्या तरी लहान खोलीतून बाहेर पडलेलं होतं. कुणी परळच्या, कुणी गिरगावच्या, कुणी माझगावच्या गोदीजवळच्या चाळीतलं. समोरची बाई परळच्या बौद्ध कुटुंबातली, तिला सासऱ्याने सांगितलं होतं, "पोरांना जागा होत नाही, तुम्ही निघा." वरच्या मजल्यावरची गिरगावची, तिला दोन दिरांनी मिळून निरोप दिला होता. आणि विचारलं की सगळ्या एकच उत्तर द्यायच्या, "हवेसाठी आलो हो. मोकळी हवा." त्या मोकळ्या हवेत पहिली पाच वर्षं नुसती धूळ आणि डास होते. तरी एकीनेही दुसरीला "कुणी काढलं तुला?" असं विचारलं नाही.

आणि त्यांनी झाडं लावली. बाय त्यात मुकादम. कुणी नवीन राहायला आलं की हिचा नियम, आधी खड्डा खणायचा, मग सामान वर न्यायचं. लोक हसायचे, पण खणायचे. डोंगरावरच्या पाड्यातली एक वारली बाई भाजी विकायला यायची. तिच्याकडून बायने रोपं मिळवली, करंज, कदंब, काटेसावर. शेवळांची भाजीही तिच्याकडूनच शिकली. शेवळं घशाला खाजतात, त्यात काकडाची आंबट फळं घालावी लागतात. बायने मला शेवळं दिली आणि काकडं वेगळ्या पुडीत बांधून दिली. मी म्हटलं, मॅट्रिकला असल्या पुड्या लागत नाहीत. लालबागला नेऊन नुसतीच शिजवली. हे, मी आणि शेजारच्या घरातली चार माणसं दोन दिवस घसा धरून बसलो होतो. बायला कळलं तेव्हा ती भिंतीला टेकून इतकी हसली की तिला जुना खोकला लागला. मुलुंडच्या हवेने तो काही गेला नव्हता.

मी जात राहिले. रोपं खांद्याएवढी झाली, मग छपराएवढी. खाण बंद पडली. बकुळ फुलायला लागली तेव्हा बाय ओंजळभर फुलं पदरात बांधून लालबागला घेऊन आली आणि पलंगावर ओतली. पलंगावर ती कधी बसायची नाही. खाली जमिनीवर बसायची, पाठ दाराच्या बाजूच्या भिंतीला. पाहुणी बसते तशी.

एकदा मी सांगायचं ठरवलं होतं. एव्हाना आम्ही दोघींनी साठी गाठलेली, दोघींच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. तिच्या दारात करटोली चिरत बसलो होतो. वरून झाडं अशी दाटलेली की ऊन नुसतं ठिपक्याठिपक्यांनी खाली येत होतं. मी म्हटलं, "बाय, तो पलंग—"

"बिया काढ त्या, निबर हायत," ती म्हणाली.

"ऐक ना. तेव्हा मी—"

"धाकटे, बिया." तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मी बिया काढल्या. पण भाजी झाल्यावर, ताटं घेताना, तिने आपण होऊन विचारलं, "तुमची चाळ पाडणार म्हणतात, खरं काय?"

"हो. टॉवर होणार. आपल्याला फ्लॅट."

"झाला की आठ दिवस येऊन राहीन म्हणते. लालबागला निजून किती वर्षं झाली." असं म्हणून ती भात वाढायला लागली, जणू मीठच मागितलं होतं.

जवळजवळ चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, "आठ दिवस काय, कायमची ये. तुला खिडकीजवळची जागा."

"शप्पथ घेऊ नको हां," ती पटकन म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

चाळ पाडली. आम्ही तात्पुरत्या गाळ्यात गेलो. बिल्डर बदलला, कोर्टकचेरी झाली, सांगाडा दहाव्या मजल्यावर येऊन तसाच उभा राहिला. दर भेटीत बाय विचारायची, "कितवा माळा आला?" मी सांगायची, "दहावा." वर्षभराने विचारायची. "दहावाच." ती म्हणायची, "काय घाई नाय." मी त्या सांगाड्याखालून रोज भाजीला जायचे आणि वर बघून त्याला शिव्या घालायचे. माझ्या लेकाला वाटायचं आईला फ्लॅटची हाव सुटली आहे. हाव होतीच, पण ती स्वतःच्या खोलीची नव्हती. मला एक भिंत हवी होती, जिच्या शेजारी बायला निजवून मी सांगितलं असतं की बाय, मी तुला घालवली, झाडं नव्हती, मी काहीच वाचलं नव्हतं. निजल्यावर तरी ती मला बिया काढायला लावू शकली नसती.

किल्ल्या मिळाल्या तेव्हा पाऊस लागला होता. चौदावा मजला. बायची जागा मी ठरवून ठेवली, जमिनीवरच, कारण तिला पलंग आवडत नसे. माझ्या लेकाने दोन दिवाण आणले होते, त्यातला एक मी त्याला परत पाठवायला लावला. कारण विचारलं तर म्हटलं, मला गुदमरतं. मुलुंडला फोन केला. बायच्या लेकीने फोन तिच्या कानाला लावला. "झाली काय?" ती म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "पाऊस ओसरू दे. गुडघे धड नायत. नवरात्रात येते." पितृपक्षात, सकाळी चहा पिता पिता, ती गेली. कप हातातच होता म्हणाली तिची लेक, सांडलासुद्धा नाही.

तेराव्याला सोसायटीच्या आवारात, झाडांखाली, खुर्च्या मांडल्या होत्या. जेवणं आटोपली, पुरुष पांगले, आणि जुन्या बायका उरल्या. पाच-सहा जणी. परळची समोरची, गिरगावची वरची, आणखी कोण कोण. सगळ्यांच्या हातात काठ्या. बायच्या लेकीने माझी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तर परळचीने तिला हातानेच थांबवलं. माझ्याजवळ खुर्ची ओढली आणि माझे दोन्ही हात धरले.

"ओळखते मी. धाकटी ना तुम्ही? तुमचं नाव काढलं नाही असा दिवस नव्हता हो."

मी मान हलवली.

"तुम्ही तिला सोडतच नव्हता म्हणे," गिरगावची म्हणाली. "ती निघाली तर तीन दिवस जेवला नाहीत. आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. म्हणायची, मला तिने जाऊ नको, जाऊ नको म्हणून पदराला धरून ठेवलं, मीच हवेसाठी हट्ट करून निघाले."

"आमचं कुणाचं असं झालं नव्हतं," परळची म्हणाली. हे ती हळू म्हणाली. "खोटं कशाला बोलू. आम्ही निघालो तर दाराशी कुणी आलं नाही. मग वाईट वाटलं की हिच्या दारात येऊन बसायचं. म्हणायचं, बाय, तुझ्या धाकटीचं सांग. आणि ती सांगायची. ऐकून वाटायचं, असतं बाई कुणाचं कुणीतरी असं."

पंचेचाळीस वर्षं ती हे सांगत होती. त्यांना, माझ्यासाठी. की स्वतःसाठी? मला वाटलं, आता सांगावं. सगळ्या समोर आहेत, बाय बिया काढायला लावायला नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं तर बाय खोटी पडत होती, तिच्याच आवारात, तेराव्याच्या दिवशी. आणि या म्हाताऱ्यांकडे जे एवढंसं होतं तेही मी काढून घेतलं असतं.

"तुमच्या तोंडून ऐकू दे ना एकदा," गिरगावची म्हणाली. "काय झालं होतं त्या दिवशी?"

त्या सगळ्या पुढे वाकल्या. मी पदराने तोंड पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. थापा मारण्यात मी पहिल्यापासून पटाईत. टेंपो खाली उभा होता म्हटलं. भावोजी घाई करत होते. मी चुलीशी बसून राहिले, उठेचना. बायने माझ्या गालावरून हात फिरवला — हे खरं होतं — तर मी तो हात धरला आणि सोडीना. जिन्यातल्या बायका रडायला लागल्या. आमच्याकडे झाडं नाहीत, सावली नाही, म्हटलं, खोली केवढीशी, पण तुझी जागा आहे ना.

"आणि काय म्हणालात तिला?" परळचीने विचारलं. तिने माझा हात घट्ट दाबला होता.

"म्हटलं, बाय," मी म्हणाले, "नको गो जाऊ."

ते मी पहिल्यांदा म्हणत होते. पुढचं मला सांगता येईना. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बघ, ती म्हणायची तश्शीच आहे."